कालनिर्णयावरची टिंबं

वाईच्या आमच्या वाड्यात स्वयंपाकघराच्या दारामागे कालनिर्णय टांगलेलं असे. खिळ्याला सुतळीनं बांधलेली बोटभर पेन्सिल. तारखांच्या चौकटींत दुधाचा हिशोब, गॅसला नंबर लावल्याची तारीख, रद्दीचे आलेले पैसे. आणि त्यातच, बाहेरच्याला कळू नयेत इतक्या बारीक तीन खुणा. काकूचा गोल, आईची फुली आणि १९८७ च्या श्रावणापासून माझं टिंब. खुणा करायची आजी. त्या पेन्सिलीला दुसऱ्या कुणी हात लावत नसे.

तेरा वर्षांची होते मी. माजघराच्या कोपऱ्यात चटई अंथरली गेली, ताट-वाटी-तांब्या वेगळा झाला. आजी शेजारच्या माईंना खिडकीतूनच म्हणाली, "हिला कावळा शिवला हो." एवढंच. पण संध्याकाळी नळावर पाणी भरायला माझ्याऐवजी धाकटा भाऊ गेला आणि अख्ख्या आळीला कळलं. पुढे दर महिन्याला कळत राहिलं. देवळात दिसले नाही की कळे, वाळवणाच्या गच्चीवर दिसले नाही की कळे. कुणी मुद्दाम पाळत ठेवत होतं असं नाही. घराचे नियमच असे होते की पोरगी कुठं दिसत नाही यावरून तिच्या शरीरात आज काय चाललंय ते रस्त्यावरच्या माणसाला समजावं.

आजीला या तारखा लागत त्या सणावारांसाठी. सत्यनारायण कधी घालायचा, कुळधर्माला सोवळ्यात कोण उभी राहील, श्राद्धाचा स्वयंपाक कुणाच्या हाती, हे सगळं त्या तीन खुणांवर ठरे. पंचांग बघून काढलेला मुहूर्तसुद्धा आजी आधी आमच्या खुणांशी ताडून बघायची.

पंधराव्या वर्षी मी एकदा लपवलं. उन्हाळा होता, कोपऱ्यात बसायचा भयंकर कंटाळा आला होता. दिवसभर घरात वावरले, देवापुढची फुलं गोळा केली, दुपारी फडताळातली लोणच्याची बरणी काढून सगळ्यांना फोड वाढली. हात थरथरत होता. लोणचं नासेल, तुळस वाळेल असं लहानपणापासून ऐकलेलं. पुढचे आठ दिवस मी रोज बरणीचं झाकण उघडून बुरा आलाय का ते बघत होते. खाराला नेहमीचाच वास होता, फोडी नेहमीसारख्याच करकरीत होत्या. तुळशीला तर नवी मंजिरी आली. मी सुटले असं वाटत असतानाच एका सकाळी आजी कालनिर्णयासमोर उभी राहिली, बोटांच्या पेरांवर काहीतरी मोजलं आणि मागे न वळता म्हणाली, "तुझं टिंब कुठंय गं?"

मला देवानं पकडलं नव्हतं. पेन्सिलीनं पकडलं होतं.

आजीनं मारलं नाही, रागावलीही नाही. त्या वर्षी गणपतीच्या दुसऱ्या दिवशी तिनं मला ऋषिपंचमी धरायला लावली. बैलाच्या श्रमाचं काही खायचं नाही, ऋषीची भाजी खायची, आणि कहाणी ऐकायची. कहाणीतल्या बाईनं विटाळ पाळला नाही, घरभर कालवाकालव केली, म्हणून ती पुढच्या जन्मी कुत्री झाली. तिचा नवरा बैल झाला, आणि दोघंही स्वतःच्याच मुलाच्या दारात राबत, मार खात राहिले. ती कहाणी ऐकताना मला पहिल्यांदा कळलं की ही व्यवस्था किती पक्की बांधलेली आहे. आळीला दिसेल तेवढं आळी बघणार. आळीला दिसणार नाही ते आजी मोजणार. आणि आजीच्याही नजरेतून जे सुटेल ते पुढच्या जन्मात वसूल होणार. बाईनं एकटीनं, बंद खोलीत, मनातल्या मनातसुद्धा मोकळं असू नये याची सोय.

हीच आजी एकादशीला भजनाला जायची. तिथं चोखोबांच्या घरातले अभंग म्हटले जात, सोयराबाईंचेही. देह जन्मतो तोच विटाळातून, मग सोवळा कोण, हा प्रश्न त्या माउलीनं चौदाव्या शतकात विठ्ठलाला विचारून ठेवलाय. आजी टाळ वाजवत ते गायची आणि घरी येऊन पेन्सिल हातात घ्यायची. मला तिचा राग येत नाही. तिची स्वतःची खूणही कधीकाळी कुणीतरी कुठल्यातरी भिंतीवर कोळशानं केलीच असणार. आणि हेही सांगायला हवं की बारावीच्या वर्षी तीन महिने माझं टिंब पडलं नाही, तेव्हा सर्वांत आधी तिच्याच लक्षात आलं. तिनंच मला डॉक्टरांकडे नेलं. रक्त फार कमी झालं होतं माझं. पण ती काळजी घ्यायला अख्ख्या आळीनं जाणण्याची गरज नव्हती, हे मी आजही तितक्याच ठामपणे म्हणते.

फेब्रुवारी २०२० मध्ये भुजच्या एका मुलींच्या वसतिगृहातली बातमी वाचली, तेव्हा तो कोपरा आणि ती चटई पुन्हा डोळ्यांपुढे आली. पाळी असलेल्या मुलींनी स्वयंपाकघरात आणि देवळात जायचं नाही, असा तिथला नियम. त्यासाठी नोंदवही ठेवलेली, जिच्यात मुलीनं आपलं नाव लिहायचं. काही काळ वहीत नावंच येईनात, म्हणून ६८ मुलींना रांगेत उभं करून कपडे काढायला लावून तपासलं. वही कोरी राहिली हाच गुन्हा. माझ्या आजीनं बोटांची पेरं मोजली होती. तिथं मोजायला आणखी पुढचे हात आले.

त्याच्या आधी २०१५ मध्ये शबरीमलाच्या देवस्वम मंडळाच्या तेव्हाच्या अध्यक्षांनी म्हटलं होतं की बाईची 'योग्य वेळ' आहे की नाही हे तपासणारं यंत्र निघालं की मग मंदिरात बायकांच्या प्रवेशाचा विचार करू. शस्त्रं शोधायला असतं तसं. त्याच वर्षी नोव्हेंबरात आपल्याकडे शनिशिंगणापूरला एक तरुणी चौथऱ्यावर चढली. शिंगणापूर मी लहानपणी पाहिलंय. दारांना कड्या नाहीत, कुलपं नाहीत, चोराला शनिदेव बघून घेतो अशी श्रद्धा. २०११ मध्ये तिथं बँकेची शाखासुद्धा बिनकुलपाची म्हणून उघडली. सोन्यानाण्याची राखण देवावर सोपवणारं ते गाव. पण बाईचं पाऊल चौथऱ्याला लागलं तेव्हा ते देवावर सोपवलं गेलं नाही. सुरक्षारक्षकांना निलंबित केलं, चौथरा दुधानं धुतला. पुढे २०१६ च्या एप्रिलमध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर तिथं बायकांना प्रवेश मिळाला. मी ती बातमी रडत वाचली होती.

माझी लेक बंगळूरला असते. तिच्या तारखा तिच्या फोनमधलं ॲप ठेवतं. तिथं टिंबाऐवजी गुलाबी थेंब आहे. अशाच एका ॲपनं बायकांची माहिती फेसबुकसारख्या कंपन्यांकडे पोचवली, असा ठपका २०२१ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं ठेवला. दीड वर्षानं तिथला गर्भपाताचा घटनात्मक हक्क गेला, तेव्हा बायकांनी घाईघाईनं अशी ॲपं काढून टाकली. मी लेकीला हे सांगितलं. ती म्हणाली, "आई, मग लिहून ठेवू कुठं?" मी तिला वही सुचवली आणि सुचवताना जीभ अडखळली.

माझं सासर पेणजवळ. लग्नानंतर पंचवीसएक वर्षं गौरी-गणपतीच्या आधी मी पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या घेतल्या. विश्वास नव्हता तरी घेतल्या. घरात सोवळ्याला बाई हवी, सासूबाई थकलेल्या, वाद नको. गोळ्यांची पट्टी मोठ्या जाऊबाई फडताळात आणून ठेवत. आम्ही सुना आल्या आल्या ती मागून घेत असू. डोकं दुखायचं, पायांना सूज यायची, आणि मी पुरण वाटत असायचे.

दोन वर्षांपूर्वी माझी पाळी गेली. नवऱ्याशिवाय कुणालाही सांगितलं नाही. निदान हे तरी माझं असावं असं वाटलं होतं. यंदा आवाहनाच्या आदल्या रात्री जाऊबाई शेजारी येऊन बसल्या, माझ्या गुडघ्यावर मायेनं हात ठेवला आणि म्हणाल्या, "आता मोकळी झालीस हो तू. यंदापासून नैवेद्य तूच कर."

"तुम्हाला कसं कळलं, वहिनी?"

"कसं म्हणजे? दोन गौरी झाल्या," त्या म्हणाल्या, "पट्टी मागायला आली नाहीस."