पुलगावचे कोठार आणि सेवाग्रामची भिंत

पश्चिमेकडून रेल्वेने येताना वर्धा नदी ओलांडली की आमचा जिल्हा सुरू होतो आणि लगेच पुलगाव लागते. पुलगावला लष्कराचे केंद्रीय दारूगोळा भांडार आहे, देशातल्या सर्वांत मोठ्या भांडारांपैकी एक. तीच गाडी पुढे अर्ध्या-पाऊण तासात वर्ध्याला पोहोचते आणि तिथून सेवाग्राम आठ किलोमीटरवर. एका बाजूला बंदुकीचे पोट भरणारे कोठार, दुसऱ्या बाजूला बंदुकीला नकार देणारी मातीची झोपडी. दोन्ही एकाच जिल्ह्यात. आमच्या उर्दू शाळेची सहल दरवर्षी सेवाग्रामला जाते, तेव्हा बसमध्ये काही मुले पुलगावची असतातच.

पुलगावकडे नुसते बोट दाखवून चालत नाही. ३१ मे २०१६ च्या रात्री भांडाराला आग लागली, स्फोट झाले आणि आसपासच्या गावांतली माणसे मुलाबाळांना उचलून अंधारात बाहेर पडली. आग विझवायला गेलेले जवान आणि अग्निशामक दलाचे कर्मचारी त्यात गेले. पुढे २० नोव्हेंबर २०१८ ला सोनेगाव इथे जुना दारूगोळा नष्ट करताना स्फोट झाला आणि सहा जणांचा जीव गेला, त्यांत कंत्राटी मजूर होते. ही गोळी कुणी कुणावर झाडलेली नव्हती. तरी घरे उघडी पडायची ती पडलीच. आणि याच भांडाराच्या पगारावर कित्येक घरांची चूल पेटते, त्यामुळे पुलगावात हा विषय कुणी चढ्या आवाजात बोलत नाही.

सेवाग्रामला मुले धावतपळत शिरतात आणि बापूकुटीच्या भिंतीपाशी थांबतात. ही वसाहत १९३६ ची. भिंतीवर मीराबेनने मातीतच उठावाची चित्रे काढली आहेत : ताडाची झाडे, चरखा. रंग नाही, चौकट नाही. माझ्या विद्यार्थिनींना ती आपल्या आजीच्या घरच्या लिंपणासारखी वाटतात, आणि ते खरेही आहे. ऑगस्ट १९४६ मध्ये गांधीजी इथून गेले. फेब्रुवारी १९४८ मध्ये परत यायचा विचार होता. त्याआधीच ३० जानेवारीला दिल्लीत पिस्तुलाच्या तीन गोळ्या त्यांना लागल्या. कुटी तशीच राहिली, ताडाची झाडेही.

पण मला मुलांना सांगायची असते ती दुसऱ्या एका माणसाची गोष्ट. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्यात शिक्षण परिषद भरली आणि नव्या शिक्षणाचा आराखडा करायला समिती नेमली गेली. तिचे अध्यक्ष होते जामियाचे डॉ. झाकीर हुसैन, पुढे देशाचे राष्ट्रपती झाले तेच. आपल्या घरांत हे नाव आदराने घेतात, पण त्याचा वर्ध्याशी असलेला संबंध फार कमी जणांना ठाऊक असतो. त्या नई तालीमच्या शाळेत १९४४ मध्ये देवीप्रसाद नावाचा तरुण कलाशिक्षक आला. शांतिनिकेतनात नंदलाल बोस यांच्या हाताखाली शिकलेला, चित्रकार आणि कुंभारकाम जाणणारा. जवळपास अठरा वर्षे त्याने सेवाग्रामच्या मुलांना चित्रे काढू दिली. 'काढू दिली' हेच म्हणायला हवे. समोर नमुना ठेवून नक्कल करवून घेणे त्याला मान्य नव्हते. मुलाच्या हातांना घडवायला काही मिळाले नाही तर तेच हात मोडतोडीकडे वळतात, असा त्याचा विश्वास होता. कलेचा तास त्याच्या लेखी शांततेचाच तास होता. आमच्याकडे परीक्षा जवळ आली की सर्वांत आधी कापला जातो तो हाच तास.

१९६२ मध्ये देवीप्रसाद लंडनला गेले आणि युद्धविरोधकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचे सरचिटणीस झाले. त्या संघटनेचे चिन्ह आहे दोन हातांनी मोडलेली रायफल. व्हिएतनामच्या युद्धाचा तो काळ. लढायला नकार देणाऱ्या अमेरिकन तरुणांच्या पाठीशी ही संघटना उभी होती आणि तिची सूत्रे सेवाग्रामच्या एका कलाशिक्षकाकडे होती.

बंदूक खाली ठेवणारा आणखी एक माणूस वर्ध्यात राहिला : खान अब्दुल गफ्फार खान. १९३४ मध्ये तुरुंगातून सुटल्यावर त्यांना सरहद्द प्रांतात पाय ठेवायला बंदी होती, म्हणून ते जमनालाल बजाज यांच्याकडे वर्ध्याला आले. डिसेंबरात त्यांना पुन्हा अटक झाली. ज्या पठाणांच्या घरी बंदूक दागिन्यासारखी जपली जायची, त्यांच्याकडून बादशाह खान यांनी हात न उगारण्याची शपथ घेतली आणि त्यांना खुदाई खिदमतगार केले. हे सगळे त्यांनी दीनचा आधार सोडून नव्हे, दीनच्याच आधाराने केले. रसूलुल्लाह (स.) यांनी गमतीतसुद्धा भावावर शस्त्र रोखायला मना केले आहे; मशिदीतून बाण नेताना टोके मुठीत धरावीत, असे शिकवले आहे. बादशाह खान यांचा मुलगा गनी खान शायर, आणि शिल्पकलाही जाणणारा. तो शिकायला गेला होता शांतिनिकेतनलाच.

सेवाग्रामला आता नवे आकर्षण आहे. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या कलावंतांनी भंगार लोखंडातून गांधीजी आणि विनोबांचे भव्य पुतळे उभारले आहेत. मुले त्यात गिअर, साखळ्या, नटबोल्ट शोधत बसतात. भंगार पाहिले की मला मोझांबिक आठवतो. यादवीनंतर १९९५ पासून तिथल्या चर्चच्या मंडळींनी लोकांकडून शस्त्रे घेतली आणि बदल्यात शिलाई मशीन, सायकल, कुदळ दिली. त्या तुकड्यांतून कलावंतांनी खुर्च्या आणि झाडे घडवली. मेक्सिकोत कुलिआकान शहरात २००८ मध्ये पेद्रो रेयेस या कलावंताने १५२७ बंदुका जमवल्या, वितळवल्या आणि तेवढीच फावडी केली, झाडे लावण्यासाठी. न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांच्या दारात नळीला गाठ मारलेले पिस्तूल आहे, तेही मुलांना मी फोटोत दाखवते. पण फावडे त्यांना जास्त पटते. गाठ मारलेले पिस्तूल शेवटी पिस्तूलच राहते, असे एका मुलीने म्हटले. मला तिचे म्हणणे बरोबर वाटले.

आपल्याकडे बंदूक घरात येते ती ईदीच्या पैशांतून. ईदगाहबाहेरच्या दुकानात प्लॅस्टिकची पिस्तुले लटकत असतात, आणि दुपारपर्यंत मोहल्ल्यात कोण कुणावर गोळी झाडतो याची गणती राहत नाही. प्रेमचंदांच्या 'ईदगाह'मधला हामिद चिमटा विकत घेतो. मजा अशी की तोही आधी तो बंदुकीसारखा खांद्यावर टाकतो. म्हणून पोरांना रागावून उपयोग नाही. त्यांच्या हातात दुसरे काही द्यायला हवे.

या वर्षी पुतळ्यांसमोर बसवून मी मुलांना कागद दिले : बंदुकीचे लोखंड मिळाले तर काय बनवाल? हापशी, उसाच्या रसाचे मशीन, अम्मीसाठी तवा, मशिदीच्या वजूखान्याचा नळ, अशी चित्रे निघाली. पुलगावचा एक मुलगा बराच वेळ कोऱ्या कागदाकडे बघत होता. जवळ गेले तर हळूच म्हणाला, "आपा, सगळ्यांनी बंदुका वितळवल्या तर माझे अब्बा कामाला कुठे जातील?"

मी म्हटले, "तेच काढ."

त्याने मोठे फाटक काढले. आत फावड्यांचे ढीग, आणि फाटकावर गळ्यात ओळखपत्र घातलेले अब्बा, हातात वही, फावडी मोजताना.