बरा दिसतो म्हणून सोडू नकोस

टिळकवाडी, बेळगाव
श्रावण

चि. बाळ,


परीक्षा संपली की आपल्या पिल्लाला, राजाला, निपाणीला न्यायचं म्हणतेस, जरूर ने. पण "आता त्याला पळू दिलं तर चालेल ना गं मावशी?" या तुझ्या प्रश्नाचं उत्तर फोनवर नीट देता आलं नाही, म्हणून हे पत्र. नाही बाळ, अजून चालणार नाही.

तो फार छान दिसतो, हे खरं. हाड मोडून ऑपरेशन झालेला मागचा पाय टेकवतो, दाराशी चप्पल वाजली की अंगभर हलतो. घरी येणारा प्रत्येक जण विचारतो, "एवढं धडधाकट पिल्लू कोंडून का ठेवलंय?" पण हा उत्साह त्याच्या वयाचा आहे आणि दुखणं थांबवणाऱ्या औषधाचा आहे. हाड मात्र आपल्या चालीनं जुळतं. तुटल्या जागी आधी मऊ गाठ धरते, मग तिच्यात कॅल्शियम भरत जाऊन ती कठीण होते. पिल्लाचं हाड मोठ्या कुत्र्यापेक्षा लवकर सांधतं, तरी सहा-आठ आठवडे लागू शकतात. तोवर बहुतेक भार प्लेट आणि स्क्रू पेलत असतात. जिन्यावरून एक उडी किंवा ओल्या फरशीवर एक घसरण झाली, की स्क्रू ढिला होऊ शकतो. मग पुन्हा भूल, पुन्हा टाके.

त्यात हा मुधोळ जातीचा शिकारी कुत्रा. मुधोळचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी जपलेली ही जात. 2005 साली तिच्यावर टपाल तिकीट निघालं, पुढे सैन्यानंही ही कुत्री घेतली. ती सगळी कीर्ती वेगाची आणि नजरेची. ही कुत्री वासापेक्षा डोळ्यांनी शिकार हेरतात, म्हणून कुंपणावर खार दिसली की राजाला पायाचं भान राहत नाही. मी त्याच्या पिंजऱ्याची रस्त्याकडची बाजू चादरीनं झाकली, तसा तो निवांत झोपू लागला. निपाणीला पिंजरा अंगणाकडे तोंड करून ठेवू नकोस. या जातीच्या अंगावर चरबी कमी आणि कातडी पातळ, त्यामुळे खाली जाड गोधडी हवी. नाहीतर कोपरं सोलवटतात आणि पावसाळी गारठाही बाधतो.

जखम सकाळ-संध्याकाळ उजेडात पाहा. लाली वाढली, सूज आली, पाणी किंवा वास येऊ लागला, तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता डॉक्टरांना दाखव. आपल्याकडच्या पावसात ओल्या जखमेवर माशी बसली की अळ्या पडायला वेळ लागत नाही. जखम चाटू नये म्हणून घातलेला गळ्यातला कोन पाहून जीव तुटतो, पण डॉक्टर सांगेपर्यंत तो काढू नकोस. दोन मिनिटांच्या चाटण्यानं टाके उसवतात. शूला नेताना पोटाखालून टॉवेल धर, म्हणजे मागचा भाग हलका राहतो.

वेदनेची गोळी डॉक्टरांनी दिलेलीच, जेवणानंतर, सांगितलेल्या मापानं. आपल्या डब्यातली आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक कुत्र्याला देऊ नये. पोटात अल्सर होतो, मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. हाड जुळावं म्हणून कोणी कॅल्शियमची बाटली आणून दिली, तर ठेवून दे. वाढत्या पिल्लाला जादा कॅल्शियम दिलं की हाडांची वाढच बिघडते.

आता तुझी खरी काळजी: एवढं चपळ पिल्लू दिवसभर करणार काय? पाय थकवता येत नाहीत, तर डोकं थकवायचं. नजरेचा असला तरी नाक त्याचंही तीक्ष्ण आहे. जुन्या टॉवेलच्या घड्यांत खाण्याचे दाणे लपव आणि हुंगून शोधू दे. जेवण वाटीत ओतण्याऐवजी घासाघासानं दे, प्रत्येक घासाआधी "थांब" शिकव. पंधरा मिनिटांच्या अशा शोधानंतर तो गाढ झोपतो. भुंकून हट्ट धरला की मात्र पिंजरा उघडायचा नाही. गप्प झाल्यावर जवळ बसायचं. त्याला सोबत हवी असते, आणि ती पळण्याशिवायही देता येते.

सकाळी व्हॅक्सिन डेपोच्या झाडांतून फिरताना मला तो आठवतो. एकेकाळी इथे देवीची लस बनत असे. ती त्या काळी वासरांच्या कातडीवर वाढवत. आपल्या किती पिढ्या जनावरांनी सोसलेल्या दुखण्यावर जगल्या! त्यांच्यातलं एखादं दुखणाईत होऊन आपल्या घरी आलं, तर त्याच्यासाठी काही आठवडे घराची शिस्त बदलणं हे आपलं कर्तव्य आहे, असं मी मनापासून मानते.

निपाणीला सगळ्यांना आधीच सांगून ठेव: दार उघडं टाकायचं नाही, त्याला सोफ्यावर चढवायचं नाही, "बिचारा" म्हणून सोडायचं नाही. फरशीवर चटया अंथर. फिरवायचं ते दोरीला धरून, सावकाश, थोडा वेळ. पुढचा एक्स-रे पाहून डॉक्टर हो म्हणतील, तेव्हाच दोरी सोड. त्याआधी एक दिवसही नाही.

तुझी,
मावशी