गोगलगाय आणि पोटात कोण?

वसईच्या बावखलातली, म्हणजे तळ्यातली, चपटी, वेटोळ्या शंखाची गोगलगाय दोन काचपट्ट्यांमध्ये चिरडली की काच लाल होते. या इंडोप्लॅनॉर्बिस एक्झस्टसच्या रक्तात आपल्यासारखेच हिमोग्लोबिन असते. मी गुरांचा डॉक्टर, मला तिच्याशी कर्तव्य वेगळ्या कारणाने. गुरांच्या रक्तवाहिन्यांत राहणारा परजीवी कृमी शिस्टोसोमा स्पिंडेल आणि नाकात गाठी आणून गुराला घोरायला लावणारा शिस्टोसोमा नेझेल, दोघेही हिच्याच अंगात वाढतात.

चिरडण्याआधी मी तिला काचेच्या भांड्यात, क्लोरीन नसलेल्या पाण्यात, सकाळच्या उजेडात ठेवतो. लागण असेल तर या कृमींच्या अळ्या आपणहून बाहेर पडतात. भांड्यामागे काळा कागद धरला की धुळीसारख्या हलताना दिसतात; सूक्ष्मदर्शकाखाली दुभंगलेली शेपटी दिसली की संशय बळावतो. बावखलात उतरणाऱ्याच्या पोटऱ्यांना खाज सुटते ती अशाच अळ्यांमुळे. माणसात त्या वाढत नाहीत, कातडीतच मरतात. माणसाला बाधणारी शिस्टोसोमाची जात मात्र कोकणातही नोंदलेली आहे: १९५२ मध्ये गाडगीळ आणि शहा यांनी रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवी गावातून.

एकाच पाण्यातल्या सगळ्याच गोगलगायींना लागण होत नाही. असे का? आम्ही शिकलो ते गोगलगायीची जात, वय, प्रतिकारशक्ती. तिच्या अंगावर आणि अंगात आणखी कोण राहते, हे कुणी विचारत नसे. कॅप्सास्पोरा नावाचा एकपेशीय जीव बायोम्फॅलारिया या अमेरिकेतल्या गोगलगायीच्या रक्तात सापडला, आणि प्रयोगशाळेत तो शिस्टोसोमाच्या अळ्यांवर चढून त्यांना मारताना दिसला. कवचाच्या कडेला राहणारा किटोगॅस्टर हा इवलासा कृमी तर येणाऱ्या-जाणाऱ्या अळ्या सरळ गिळतो. उलट बाजूनेही घडते: परजीवी शिरला की गोगलगायीतल्या जिवाणूंची वस्तीच बदलते.

तपासणीची आमची पहिली पायरी म्हणजे गोगलगाय ब्रशने घासून लख्ख करणे. हे धुवण मी आता फेकत नाही, आधी तेच काचेवर घेतो. माझ्या मते निम्मी गोष्ट तिथेच असते.

म्हणून गोगलगायी मारायला बावखलात मोरचूद ओतण्याच्या सल्ल्याला माझा विरोध आहे. त्याने मासे मरतात, अळ्या खाणारेही मरतात, आणि वाचलेल्या गोगलगायी पुन्हा पाणी भरून टाकतात. त्यापेक्षा गुरे पाण्यात उतरवू नका. पाणी उपसून दोन दिवस हौदात राहू द्या, मग पाजा. तेवढ्यात अळ्या मरतात.