जवानाच्या घरची कारभारीण

मुलगा मिलिटरीत आहे म्हटले की लग्नाच्या बैठकीत दोन्हीकडचे चेहरे उजळतात. बांधलेला पगार, पुढे पेन्शन, कँटीनचे सामान, आजारपणात मिलिटरीचा दवाखाना आणि शिवाय गावाकडे तीन-चार एकर जमीन. मुलीच्या बापाला याहून अधिक काय हवे? पण त्या तीन-चार एकरांना रात्री दोन वाजता लाईट आल्यावर पाणी कोण पाजणार, हे बैठकीत कोणी विचारीत नाही. ते मुलीला लग्नानंतर आपोआप कळते.

भगिनींनो, मी शेतीखात्यातला माणूस. संसाराचा सल्ला देणे हे माझे काम नव्हे, असे कोणी म्हणेल, आणि ते खरेही आहे. पण सातारा जिल्ह्यात शेतीचा सल्ला देत गावोगाव हिंडायचे म्हणजे जवानांची घरे टळत नाहीत, आणि त्या घरात पिकाचे विचारायचे ते जवानाच्या बायकोलाच. अशा घरांतून इतकी वर्षे चहा घेतला, त्यातून जे दिसले ते आज सांगतो.

आमच्याकडच्या कितीतरी गावांत जुनी दगडी पाटी दिसते. १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात या गावातून इतके गडी गेले, त्यांतले इतके कामी आले, असा तिच्यावर मजकूर. अपशिंगे गावाला तर सगळा जिल्हा 'अपशिंगे मिलिटरी' म्हणूनच ओळखतो. गेलेल्यांचा आकडा पाटीवर आहे. मागे त्यांच्या जमिनी कोणी कसल्या, हे लिहायचे मात्र कोणाला सुचले नाही.

म्हणून पहिली गोष्ट ही की, मालक येईपर्यंत शेती राखून ठेवायची आहे, ही समजूत डोक्यातून काढून टाका. राखणदार निराळा आणि शेतकरी निराळा. राखणदाराला विचारल्याशिवाय पान हलवता येत नाही. शेतकऱ्याला पावसाच्या मागे धावावे लागते.

सोयाबीनचेच घ्या. पाऊस ७५ ते १०० मिलिमीटर झाला, वाफसा आला, शेजारची तिफण चालू झाली, आणि आमची एक भगिनी तीन दिवस फोनची वाट बघत बसली. घरचे बियाणे पेरू की दुकानातून आणू, हे तिला नवऱ्याला विचारायचे होते. नवरा लडाखला. त्याला इथल्या कणगीतल्या बियाण्याचे काय ठाऊक? त्याचे उत्तर बियाणेच देते. मे महिन्यात घरच्या बियाण्यातले सरसकट १०० दाणे मोजून घ्या. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत मांडा, गोणपाट गुंडाळून सावलीत ठेवा, वरचेवर पाणी शिंपडा. आठवड्याने उघडून मोजा. सत्तर किंवा त्याहून जास्त दाण्यांना चांगले कोंब आले असतील, तर एकरी ३० किलो बियाणे बिनधास्त पेरा. थोडे कमी आले तर त्या मानाने बियाणे वाढवा. फारच कमी आले तर ते पेरणीचे बियाणे नव्हे. झाला की नाही निकाल?

फोनवर विचारूच नका, असे माझे म्हणणे नाही. नवरा-बायकोने बोलावे, भरपूर बोलावे. पण "काय करू?" असे विचारणे वेगळे आणि "अमुक केले" असे सांगणे वेगळे. पहिल्याने त्या माणसाच्या जिवाला घोर लागतो, दुसऱ्याने त्याला रात्री झोप येते. मोटार जळाली ही बातमी मोटार भरून आणल्यावर सांगावी. आई दवाखान्यात आहे ही त्याच दिवशी सांगावी. एवढा विवेक ठेवला की पुष्कळ झाले.

फोनचा दुसराही एक त्रास आहे. पूर्वी ५६ ए.पी.ओ. च्या पत्त्यावर पत्र जायचे आणि उत्तर पंधरा-वीस दिवसांनी यायचे. तोवर घर शांत असे, कारण वाट पाहणे हीच रीत होती. आता दोन दिवस फोन लागला नाही की सासूबाई देवापुढे बसतात आणि दीर टी.व्ही. लावतो. टी.व्ही. वाल्यांना तर ओरडायला कारणच हवे असते. २०२५ च्या मे महिन्यात, ऑपरेशन सिंदूरच्या वेळी, रजेवर आलेल्या जवानांना माघारी बोलावणी आली तेव्हा मी पाहिले, ज्या घरांत आधी बोलणे झालेले होते ती घरे डगमगली नाहीत. म्हणून रजेवरून निघताना त्याला विचारून ठेवा: त्या ठिकाणी किती दिवस फोन बंद असणे साधारण समजायचे? अडचणीला कोणत्या नंबरावर निरोप द्यायचा? आणि तो कोठे आहे, कोठे निघाला, याचा गावभर बोभाटा करू नका, मोबाईलच्या स्टेटसवर तर मुळीच टाकू नका.

आता कागदपत्रे. हा भाग रुक्ष आहे, पण बायामाणसांचे रडे मी याच भागात जास्त पाहिले.

जमीन नवऱ्याच्या नावावर, आधारला जोडलेला मोबाईलही त्याचाच. इथे सेवा केंद्रात अर्ज भरायला बसले की ओटीपी जातो थेट सीमेवर, आणि तिथे फोनला रेंज नसते नाहीतर ड्यूटी असते. २०२५ पासून महाराष्ट्रात शेतीच्या योजनांना शेतकरी ओळख क्रमांक लागतो. तो काढला नसेल तर नवरा रजेवर असतानाच काढून घ्या. ठिबकचा अर्ज, बँकेच्या पीककर्जाची सही हीही कामे त्याच रजेत बसवा. ई-पीक पाहणीची अडचण नाही. ती शेतात उभे राहून फोटो काढून करायची असते, आणि शेतात तुम्हीच असता.

बाकीच्या कामांसाठी मुखत्यारपत्र करून घ्यावे. बायकोच्या नावे मुखत्यारपत्र म्हटले की घरात भुवया उंचावतात, हे मला ठाऊक आहे. त्यात जमीन विकण्याचा अधिकार नको असेल तर तसे स्पष्ट लिहा. अर्ज, कर्ज, विमा, तलाठ्याकडची कामे एवढेच लिहा. बांधाचा किंवा वाटणीचा दावा कोर्टात असेल आणि त्याला रजा मिळत नसेल, तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २८ मध्ये जवानांसाठी खास सोय आहे. आपल्या कमांडिंग ऑफिसरसमोर सही करून तो आपल्या वतीने दावा चालवायला कोणालाही अधिकार देऊ शकतो. ती व्यक्ती बायकोही असू शकते. पुष्कळ ठिकाणी मी हे काम भावकीकडे दिलेले पाहतो, आणि कधी कधी दावाच भावकीशी असतो!

मिलिटरीकडचे कागदही तितकेच महत्त्वाचे. लग्नाची आणि प्रत्येक मुलाच्या जन्माची नोंद त्याच्या युनिटमधून 'पार्ट टू ऑर्डर'ने रेकॉर्डला चढली आहे का, हे विचारून घ्या. ती नसेल तर पुढे दवाखान्याच्या कार्डापासून कुटुंब पेन्शनपर्यंत सगळेच अडते. नावातला एक काना-मात्रा आधारवर वेगळा आणि रेकॉर्डवर वेगळा असला, तरी फेऱ्या मारून चपला झिजतात. नवऱ्याचा आर्मी नंबर, हुद्दा, युनिट आणि रेकॉर्ड ऑफिसचा पत्ता एका वहीत लिहून ती वही धान्याच्या कोठीत नव्हे, हाताशी ठेवा. मराठा लाईट इन्फंट्रीचे रेकॉर्ड बेळगावला आहे. दुसऱ्या रेजिमेंटचे दुसरीकडे. अडले-नडले तर जिल्ह्याच्या ठिकाणी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे. तिथे जायला नवरा माजी सैनिक व्हायची वाट पाहावी लागत नाही.

आता नाजूक विषय. पगार कोणाच्या हातात?

पूर्वी मनीऑर्डर वडिलांच्या नावे यायची आणि सून मिठालाही हात पसरायची. आज पगार बँकेत जमा होतो, पण कितीतरी घरांत कार्ड सासऱ्यांच्या किंवा दिराच्या खिशात असते. मी स्पष्ट बोलतो, राग मानू नये. जिने खुरपणीच्या बायांची मजुरी भागवायची, खताची पोती उचलायची, पोराची फी भरायची, तिच्या खात्यावर दरमहा ठरलेली रक्कम आलीच पाहिजे. म्हाताऱ्यांसाठी वेगळी रक्कम ठरवावी, तीही न चुकता जावी. हे नवऱ्याने, सगळे समोर बसलेले असताना, स्वतःच्या तोंडाने सांगावे. फोनवरून सांगितले की त्याचा अर्थ प्रत्येक जण आपापल्या सोयीने लावतो. आणि भगिनींनो, पैसा हाती आला की हिशेबाची वहीही आली. तारीख, बाब, रक्कम. सासूबाईंनी विचारले तर वही पुढे करता आली पाहिजे.

सासूबाईंवरून आठवले. आज ज्या पंचाहत्तरीच्या घरात आहेत, त्यांतल्या काही जणींनी १९७१ च्या लढाईत नवरा सीमेवर असताना घर चालवले आहे. रेडिओ एकाच घरात, पत्र वाचून दाखवायला मास्तर, आणि शेतात बैलाची औत. अशी आत्याबाई घरात असेल तर तिच्याजवळ बसा. पाळी द्यायचा पाणक्या कसा वठणीवर आणायचा, हे तिच्याइतके मी काही सांगू शकणार नाही.

रजेचे बोलायचे राहिले. सर्वसाधारणपणे जवानाला वर्षाला साठ दिवसांची वार्षिक रजा असते, वर थोडी किरकोळ. ती तुकड्यातुकड्यांनी मिळते आणि प्रवासात जीव जातो. आल्याबरोबर सगळे त्याच्यावर तुटून पडतात: विहिरीचा गाळ, बहिणीचे लग्न, तालुक्याची तारीख, जत्रेचा नवस. पहिले चार दिवस त्याला काही सांगू नका. झोपू द्या, शिवारात एकटा फिरू द्या. तो हुकमाच्या जगातून आलेला असतो, तुम्ही दहा महिने स्वतःच्या हुकमाने चाललेल्या असता. खटका उडायचाच. "इथला बांध का फोडला?" असे त्याने विचारले तर तो तुमच्यावर अविश्वास नसतो, आपल्याला न विचारता शेत बदलले याचे त्याला थोडे वाईट वाटते, इतकेच. कारण सांगा आणि पुढे चला.

लहान मूल त्याच्याकडे जाईना झाले तर हसण्यावारी नेऊ नका. फौजी कितीही दणकट असला तरी ते त्याला आतून लागते. मुलाला वर्षभर "थांब, बाबा आले की सांगते" असा धाक घातला, तर बाबा म्हणजे मार देणारा कोणी अशीच त्याची समजूत होते. त्यापेक्षा बाबांनी काय आणले, बाबांना कोणती भाजी आवडते, हे सांगत जावे.

नवऱ्याला शांततेच्या ठिकाणी बदली मिळाली आणि क्वार्टर मिळाले, तर खुशाल जा. दोन-तीन वर्षे एकत्र संसार होतो, मुलांना आर्मी स्कूल मिळते. मात्र शेतावर राबलेल्या बाईला तिथे पहिले काही महिने हात रिकामे वाटतात, हिंदीही धड येत नाही. जालंधरहून आलेल्या एका ताईंनी क्वार्टरमागे वाफे करून मेथी-कोथिंबीर लावली आणि त्या मेथीनेच पंजाबी, केरळी शेजारणी जोडल्या. मागची जमीन वाट्याने द्यायची असेल, तर बियाणे, खत, मजुरी कोणी किती घालायची आणि माल कसा वाटायचा, हे चार लोकांसमोर लिहून ठेवा, आणि दरवर्षी पीक पाहणी स्वतःच्या खातेदाराच्या नावे लागली की नाही हे तपासा.

आणि हो, आमच्या खात्याच्या प्रशिक्षणाला दिराला पाठवू नका, स्वतः या. हजेरीवर नवऱ्याचे नाव, सही दिराची आणि पिकात राबणार तुम्ही, ही यादी पाहून मला दरवेळी चीड येते.

शेवटी तो कायमचा घरी येतो. शिपाई-नाईक असेल तर चाळिशीच्या आतबाहेरच. अंगात रग असते, हाती फंडाचे पैसे असतात आणि वर्षानुवर्षे बराकीत रंगवलेले शेतीचे बेत असतात. एका निवृत्त हवालदारांनी आल्याआल्या तीनही एकरांत आले लावायचे ठरवले. त्यांच्या पत्नीने सतरा हंगाम ती जमीन हाताळलेली. खालच्या तुकड्यात पाणी साचते आणि तिथे कंदकूज येणार, हे तिला माहीत होते. तिने भांडण काढले नाही. निम्मे पैसे मुदतीच्या ठेवीत टाकायला लावले आणि आधी वरच्या दहा गुंठ्यांत गादीवाफे करून बघू म्हणाली. हवालदारांनी बरेच आढेवेढे घेतले, पण आले दहाच गुंठ्यांत लागले. त्या पावसाळ्यात खालच्या तुकड्यात गुडघाभर पाणी होते.

पुढच्या एप्रिलात मी त्यांच्याकडे गेलो, तर बेणे घरचे ठेवायचे की विकत आणायचे, यावर दोघांचा माझ्यासमोरच वाद चालला होता. हवालदार मला म्हणाले, साहेब, तुम्हीच सांगा. मी बेणे हातात घेऊन पाहिले, डोळे टपोरे होते, कुजका वास नव्हता. घरचे ठेवा म्हणालो. वहिनी आधीपासून तेच म्हणत होत्या.