काळ्या काचेचा आग्रह मी का सोडला

सातपूरच्या एमआयडीसीत फॅब्रिकेशनमध्ये आयुष्य घालवलेल्या माणसाला डोळ्यांबाबत एकच शास्त्र ठाऊक असतं: काच जितकी काळी तितकी चांगली. आर्क वेल्डिंगला दहा-अकरा नंबरची काच लागते. शेजारी उघड्या डोळ्यांनी जॉब धरून उभा राहिलेला हेल्पर रात्री वाळू गेल्यासारखे डोळे चोळत तळमळतो. ‘वेल्डिंग लागलं’ म्हणायचं आणि बटाट्याच्या चकत्या ठेवायच्या, ही आमची रीत. बर्फातलं हिमांधत्व म्हणजे हेच दुखणं. अतिनील किरणांनी बुबुळावरचा पारदर्शक पडदा भाजतो आणि कळ सुरू होते ती काही तासांनी. ताजा बर्फ यातले ८० टक्क्यांपर्यंत किरण परत फेकतो, म्हणजे खालूनही मार. त्यामुळे हिवाळ्यात हिमालयात निघालेल्या आमच्या पोरांना मी छातीठोकपणे सांगायचो, मिळेल तो सगळ्यात काळा गॉगल घ्या.

आता मी तसं सांगत नाही. कारण घडलं केदारकंठ्यावर. सांक्रीहून जाणारा हा साडेबारा हजार फुटांचा डोंगर डिसेंबर-जानेवारीत मराठी माणसांनी भरलेला असतो. माथ्यासाठी अंधारात निघायचं, हेडटॉर्चवर चालायचं. त्या दिवशी उजाडलं, पण सूर्य आलाच नाही. ढग खाली उतरले, आकाश आणि उतार एकाच रंगाचे झाले. कुठेही सावली नाही, त्यामुळे खड्डा कुठला, उंचवटा कुठला, कड संपते कुठे, काही कळेना. माझ्या काळ्या गॉगलमधून तर पुढच्याच्या बुटाचा ठसाही दिसत नव्हता. गॉगल काढला की वाऱ्याबरोबर येणारे बर्फाचे कण डोळ्यांत टोचायचे. आमच्याच शॉपमधला एक पोरगा मात्र ग्राइंडिंगचा पांढरा गॉगल लावून आला होता. सांक्रीत मी त्याची यथेच्छ टिंगल केली होती. तो नीट पाऊल टाकत पुढे चालला होता, आणि संध्याकाळी त्याचे डोळे ठणठणीत होते.

त्यावर मी परत आल्यावर वाचत बसलो. अतिनील किरण काचेचा काळेपणा अडवत नाही, काचेचा माल अडवतो. त्या पोराच्या गॉगलसारखं पॉलिकार्बोनेट पारदर्शक असलं तरी ते जवळजवळ सगळे किरण रोखतं. काळेपणा फक्त उजेड कमी करतो. त्याचे वर्ग ठरलेले आहेत: ‘एस१’ काच ४३ ते ८० टक्के उजेड आत सोडते, ‘एस३’ ८ ते १८ टक्के आणि ‘एस४’ त्याहूनही कमी. लख्ख उन्हात ‘एस३’ हवीच, तिथे माझं जुनं मत कायम आहे. पण ढगातूनही अतिनील किरण बऱ्यापैकी खाली येतात, उजेड मात्र कमी होतो. अशा वेळी लागते ती फिकट पिवळी किंवा गुलाबी ‘एस१’. निळसर धूसरपणा गाळल्याने उतारावरच्या लाटा थोड्या उठून दिसतात. थोड्याच, हेही सांगतो. सावलीच नसेल तर कुठलीही काच ती तयार करणार नाही. तिथे पुढे बर्फाचा गोळा फेकून उतार कळतो का ते बघायचं, नाहीतर थांबायचं.

ग्राइंडिंगचा गॉगल घेऊन जा, असं मात्र मी म्हणत नाही. त्या पोराच्याही काचेवर चढणीत वाफ धरली आणि मग ती गोठली. स्कीइंगच्या गॉगलला दुहेरी काच, मधे हवेची फट आणि वर झरोके असतात ते त्यासाठीच. आतली बाजू हातमोज्याने पुसायची नाही, वाफ धरू न देणारा लेप निघतो. दमल्यावर गॉगल कपाळावर ढकलायचा नाही, घामाची वाफ थेट आत जाते. उन्हाप्रमाणे रंग बदलणाऱ्या काचेचा मोह मलाही झाला होता, पण थंडीत ती काळी झाली की उजळायला फार वेळ घेते, आणि ढग काही वाट बघत नाहीत.

यंदा औलीला स्कीइंग शिकायला निघालेली पोरं विचारायला आली तेव्हा मी म्हणालो, एकच घेणं परवडत असेल तर मधली ‘एस२’ घ्या, दोन काचा बदलता येणारा मिळाला तर त्याहून उत्तम. एकाने लगेच विचारलं, “काका, तुम्हीच तर काळा घ्या म्हणायचात ना?” म्हणालो, म्हणायचो. आणि माझा तो जुना गॉगल त्यालाच देऊन टाकला, उन्हाच्या दिवशी वापरायला.