सफाई कोळंबी : सुरक्षित कोणासाठी?

पेणच्या मासळी बाजारात कोळंबीला नावांची वाण नाही. बारीक असेल तर करंदी, त्याहून बारीक असेल तर जवळा, सोलून वाळवली की सोडे. आकार, ऋतू आणि चुलीवरचे भवितव्य पाहून या जिवाला नावे मिळाली आहेत, आणि ती सगळी खाणाऱ्यांनी ठेवली आहेत. जी कोळंबी खायची नाही, काचेच्या पेटीत ठेवून नुसती पाहायची आहे, तिच्यासाठी आमच्याकडे शब्द नाही. इंग्रजीत जिला 'क्लीनर श्रिम्प' म्हणतात तिला प्रस्तुत लेखात आम्ही 'सफाई कोळंबी' म्हणणार आहोत. हा शब्द आम्ही विचारपूर्वक योजला आहे. त्याचे कारण पुढे येईलच.

या विषयाकडे आमचे लक्ष वळले ते रोह्यास राहणाऱ्या आमच्या एका भाच्यामुळे. घरात खाऱ्या पाण्याची, जिवंत प्रवाळांची पेटी उभी करायची असे त्याच्या मनाने घेतले होते. "मामा, त्यात सफाई कोळंबी सोडली तर चालेल ना? धोका नाही ना काही?" असे त्याने विचारले. मत्स्यपालनाचा छंद असलेली माणसे हाच प्रश्न जगभर विचारत असतात आणि त्याचे छापील उत्तर एका शब्दात मिळते : चालेल. उत्तर खरे आहे. आमचे कुतूहल मात्र त्या 'धोका' या शब्दापाशी अडले. धोका कोणाला, हे प्रश्नात कोठेच म्हटलेले नव्हते.

आधी या प्राण्याची ओळख करून घेऊ. शास्त्रीय नाव लिस्माटा अँबॉइनेन्सिस. डी मान या प्राणिशास्त्रज्ञाने १८८८ साली तिचे वर्णन केले आणि इंडोनेशियातील अँबॉन बेटावरून तिचे नामकरण झाले. लांबी दोन-अडीच इंच, अंग पिवळसर, पाठीवर लाल पट्टा, आणि त्या लाल पट्ट्याच्या मधोमध भांगासारखी सरळ पांढरी रेघ. मिशा लांब आणि पांढऱ्या शुभ्र. प्रवाळखडकाच्या एखाद्या कपारीशी ती ठाण मांडून बसते, अंग डोलावते, मिशा हलवते. ही खूण ओळखून मासे तिच्याकडे येतात, स्थिर होतात, तोंड उघडतात, कल्ल्यांची झाकणे फाकवतात. ती त्यांच्या अंगावर चढून, प्रसंगी थेट जबड्यात शिरून, परजीवी किडे, मेलेली कातडी आणि थोडा बुळबुळीत स्रावही वेचून खाते. तिला सहज गिळू शकणारा मासासुद्धा त्या वेळी बहुधा तोंड मिटत नाही. प्रत्येक सफाई कोळंबी आयुष्याची सुरुवात नर म्हणून करते आणि वाढल्यावर एकाच वेळी नर आणि मादी अशी दोन्ही होते. त्यामुळे कोणत्याही दोन प्रौढ कोळंब्यांची जोडी जमते. खारपाटातल्या माणसाला यात फार नवल वाटू नये. आमच्या खाडीतला जिताडाही आधी नर असतो आणि मोठेपणी मादी होतो.

आता भाच्याच्या प्रश्नाचे सरळ उत्तर. ही कोळंबी प्रवाळ खात नाही. तिचा दोष भुरट्या चोरीचा आहे. प्रवाळाला अन्न घातले की ती त्याच्यावर चढते आणि त्याच्या तोंडातला घास ओढून काढते. हे रोज घडले तर प्रवाळ मिटून बसते आणि उपाशी राहते. उपाय साधा आहे : आधी कोळंबीला वाढावे, मग प्रवाळाला. खरा घोटाळा होतो तो दिसण्यातल्या साम्यामुळे. हिच्याच कुळातली 'पेपरमिंट' कोळंबी पेटीत माजणारी एक उपद्रवी समुद्रफुले खाते, म्हणून लोक तिला आवर्जून आणतात. आणि तिच्या नावाखाली कधीकधी पाठीला कुबड असलेली 'उंट' कोळंबी गळ्यात मारली जाते, जी प्रवाळाचे जीव खुशाल कुरतडते. पांढऱ्या-तांबड्या पट्ट्यांची, लांब नांग्यांची स्टेनोपस ही तिसरी. तीही माशांची सफाई करते, पण पेटीतल्या इतर कोळंब्यांशी तिचे पटत नाही. तेव्हा नाव ऐकून न घेता जात ओळखून घ्यावी.

दुसरी अपेक्षा असते ती वैद्यकीची. कोळंबी आणली की माशांचे रोग जातील, असे सांगितले जाते. खाऱ्या पाण्यातल्या माशांचा सर्वांत नावाजलेला रोग पांढऱ्या ठिपक्यांचा. त्याचा परजीवी कातडीच्या आत दडलेला असतो आणि कोळंबीची चिमटी तेथवर पोचत नाही. उलट, अंगावर चिकटून राहणाऱ्या काही चपट्या कृमींच्या बाबतीत तिचा उपयोग प्रयोगांत दिसला आहे. ऑस्ट्रेलियातील जेम्स कुक विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार ती त्या कृमींची अंडीही खाते. म्हणजे ती उपयोगी आहे. औषधोपचाराची जागा मात्र ती घेऊ शकत नाही.

येथवर प्रवाळांची आणि माशांची सुरक्षा झाली. आता प्रश्न उलटा करून पाहू : पेटी कोळंबीला सुरक्षित आहे काय?

पहिली गोष्ट पाण्याची. पेण आणि रोहा ही दोन्ही गावे समुद्राच्या जवळ असल्याने पाणी फुकट मिळेल असा समज होणे स्वाभाविक आहे. परंतु आमच्याकडे येतो तो समुद्र नव्हे, खाडी. पावसाळ्यात अंबा नदीला पूर आला की धरमतरच्या खाडीचे पाणी मचूळ होते आणि गाळाने वर्षभर गढूळ असतेच. कुंडलिकेचीही तीच कथा, आणि तिच्या काठी धाटावची रासायनिक कारखानदारी. सफाई कोळंबीला लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार असलेले, २४ ते २७ अंशांचे, नितळ आणि स्थिर पाणी लागते. मग मिठागरातले मीठ नळाच्या पाण्यात विरघळवले तर? तेही चालत नाही. समुद्राचे पाणी आटताना चुन्याचे क्षार आधी खाली बसतात, नंतर मीठ धरते, आणि मॅग्नेशियम मागे राहिलेल्या कडवट पाण्यात उरते. मिठागरातून घरी येतो तो समुद्राचा एक भाग असतो, अख्खा समुद्र नसतो. त्यासाठी सर्व क्षार प्रमाणात असलेले, मत्स्यालयासाठी तयार केलेले मीठच विकत घ्यावे लागते.

दुसरी गोष्ट तांब्याची. तांब्याच्या भांड्यातले पाणी पथ्यकर, असे आपल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या मानले जाते. कोळंबीला तेच तांबे विष आहे. गंमत अशी की तिच्या रक्तात प्राणवायू वाहून नेणारे द्रव्य तांब्याचेच असते. आपल्याकडे लोहाचे जे काम, ते तिच्याकडे तांब्याचे. परंतु पाण्यात विरघळलेले थोडेसे तांबेही तिला मारते. माशांच्या पांढऱ्या ठिपक्यांवर जी औषधे देतात, त्यांतील अनेकांचा आधार मोरचूदच असतो. सुपारीच्या बागांवर बोर्डो मिश्रण फवारणाऱ्या रायगडकरांना मोरचूद सांगायला नको. ज्या पेटीत एकदा हे औषध पडले, तिचे दगड आणि वाळू ते धरून ठेवतात. मासा वाचवायला गेलेला हात कोळंबीचा जीव घेऊ शकतो, तो असा.

तिसरी गोष्ट क्षारांच्या फरकाची. मासा जो बदल निभावून नेतो, तो कोळंबीला सोसत नाही. म्हणून तिला पिशवीतून एकदम पेटीत सोडत नाहीत. बारीक नळीने पेटीचे पाणी तिच्या भांड्यात थेंबथेंब, तास-दोन तास सोडतात, रुग्णाला सलाइन लावावे तसे. पुढे ती दर काही आठवड्यांनी कात टाकते. सकाळी पेटीच्या तळाशी तिचे पारदर्शक कवच मिशांसकट पडलेले दिसते आणि नवशिका मालक ती मेली असे समजतो. ती जवळच कपारीत लपलेली असते, कारण नवे कवच टणक होईपर्यंत तिला कोणीही खाऊ शकते. तिला त्या दोन दिवसांत आडोसा हवा. आणि मे महिन्यात, पेणचा पारा पस्तिशीपलीकडे गेलेला असताना, पाणी थंड ठेवणारे यंत्र चालू हवे. वीज गेली की पेटीतला समुद्र तापू लागतो आणि त्यातला प्राणवायू घटू लागतो. बॅटरीवरचा हवेचा पंप तरी हाताशी असावा.

चौथी गोष्ट आमच्या मते सर्वांत महत्त्वाची. सफाईवर तिचे पोट भरत नाही. स्वच्छ पेटीत, निरोगी माशांच्या संगतीत परजीवी असणार किती? 'ती उरलेसुरले खाऊन जगेल' या भरवशावर अनेकजण तिला आणतात आणि ती हळूहळू खंगते. ज्याने तिला कामाला आणले, त्याने तिला वेगळे जेवण दिले पाहिजे.

या ठिकाणी आमच्या खारपाटातली एक जुनी रीत आठवते. पेण-अलिबागकडच्या गावांत घरासमोर तळे असते आणि पावसाळ्यात खाडीतून आलेली जिताड्याची पिल्ले त्यात सोडतात. पाहुणा आला, सण आला की जिताडा काढतात. त्या तळ्याला आम्ही करुणेचा नमुना म्हणत नाही. जिताड्याचा शेवट कालवणातच होतो. परंतु तळे राखणारा मनुष्य जिताडा 'सुरक्षित' आहे का, असे विचारत नाही. पाणी मेपर्यंत पुरेल का, उघाडीतून खारे पाणी किती येऊ द्यावे, पिल्लाला खायला काय आहे, हे त्याचे प्रश्न असतात. शिवाय तो जीव बांधापलीकडच्या त्याच खाडीचा असतो. पाळण्याची ही जबाबदारी पाण्यापासून सुरू होते. काचपेटीच्या छंदात ती सजावटीपासून सुरू होते.

आणि सफाई कोळंबी बांधापलीकडची नसते. बाजारातल्या बहुतेक कोळंब्या इंडोनेशिया, फिलिपिन्स, श्रीलंका अशा ठिकाणच्या प्रवाळखडकांवरून पकडलेल्या असतात. पेटीत ती अंडी सहज धरते, पण पिल्लांना प्रौढ रूपाला येण्यास चार-पाच महिने तरंगत काढावे लागतात, आणि तेवढा काळ त्यांना जगवणे फार थोड्यांना जमले आहे. लक्षद्वीपमधील अगत्ती बेटावर राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्यूरोने शोभेच्या सागरी कोळंब्यांच्या पैदाशीचे काम उभे केले आणि तेथील स्त्रियांना त्याचे शिक्षण दिले. अशा कामातून आलेला जीव घेणे आणि खडकावरून ओरबाडलेला जीव घेणे यांत फरक आहे, आणि विकणाऱ्याला तो विचारण्याचा हक्क ग्राहकाला आहे.

राहता राहिली प्रवाळे. भाच्याच्या बेताचा पाया तेथेच डळमळतो. खडक बांधणारी सर्व प्रवाळे, काळी प्रवाळे, अग्निप्रवाळे आणि समुद्रपंखे २००१ सालापासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या पंक्तीत. कायद्याचे बोट कोळंबीकडे नाही, तिच्या मागच्या खडकाकडे आहे. हा कायदा उगाच झालेला नाही. दगडासारखी घट्ट प्रवाळे वर्षाला साधारण सेंटिमीटरभर वाढतात. पेटीत मावणारा वीतभर तुकडा मालकाच्या शाळकरी मुलाहून वयस्कर असू शकतो. महाराष्ट्राजवळ ही संपत्ती थोडकी आहे : मालवणचे १९८७ साली घोषित झालेले सागरी अभयारण्य, आणि विजयदुर्गच्या पश्चिमेस शंभराहून अधिक किलोमीटरवर पाण्याखाली बुडालेला आंग्रिया बँक हा उंचवटा. कुलाब्याच्या आंग्र्यांचे नाव ज्या प्रवाळांवर आहे, त्यांच्या भाईबंदांचे तुकडे रायगडातल्याच दिवाणखान्यात सजावे, हे आम्हांस रुचत नाही.

आता 'सफाई' या शब्दाविषयी. शब्द मराठीत आणताक्षणी तो आपल्या समाजाचे ओझे घेऊन येतो. जो आपली घाण काढतो, तो आपल्या घरात आलेला चालेल का, हा प्रश्न आपण शतकानुशतके विचारत आलो. त्याला त्या कामात काय धोका आहे, हे विचारायला फार उशीर झाला. हाताने मैला साफ करण्याच्या प्रथेविरुद्धचा कायदा २०१३ साली नव्याने करावा लागला, आणि त्यानंतरही माणसे गटारांत गुदमरून मेली. माणसाची आणि कोळंबीची तुलना करण्याचा आमचा हेतू नाही. प्रश्नाची घडण मात्र तीच आहे, आणि ती इतकी अंगवळणी पडली आहे की दोन इंचांच्या जिवाबद्दल बोलतानाही आपल्या तोंडी तीच येते.

भाच्याला आम्ही दिलेले उत्तर येथे मांडून थांबतो. प्रवाळांचा नाद सोडावा. मातीच्या भट्टीत भाजलेल्या किंवा कृत्रिम खडकांची पेटी करावी. ती दोन-तीन महिने जीव न सोडता चालवून पाणी स्थिरावू द्यावे. चार शांत स्वभावाचे मासे आणि पैदास केंद्रातून आलेल्या दोन सफाई कोळंब्या ठेवाव्या. त्यांना रोज वेगळे खाऊ घालावे. तांबे त्या घरातल्या पाण्याच्या वाटेवर येऊ देऊ नये. अशा पेटीत ती सुरक्षित राहील, आणि तिच्यापासून कोणालाच धोका नाही. एवढे करण्याची तयारी नसेल, तर पावसाळ्यात एखाद्या तळ्याकाठी उभे राहून जिताड्याची पिल्ले पाहावीत. त्याला वीज लागत नाही.