ओसरी आधी, मग तुम्ही

श्री. फ्रेंच डोअर यांस,
मुक्काम जालना रोड, शोरूमचा दर्शनी भाग



पत्रास कारण की, आमच्या घरात सध्या तुमच्याखेरीज दुसरा विषय नाही. छत्रपती संभाजीनगरात बीड बायपासच्या पलीकडे, सातारा परिसरात आमचं रो-हाऊस उभं राहतंय. स्लॅब झाला आहे, प्लास्टर व्हायचं आहे. मागच्या भिंतीत तुमच्यासाठी पाच बाय सात फुटांची जागा ठेवायची, की नेहमीची खिडकी आणि एकफळी दार बसवून मोकळं व्हायचं, यावर घरात दोन तट पडले आहेत. मुलीच्या मोबाइलमध्ये तुमचे फोटो भरलेत : पांढरी चौकट, बाहेर हिरवळ, आत फरशीवर कोवळं ऊन. आईचा प्रश्न एकच, "काचेच्या दाराला कडी लावून उपयोग काय?" आणि नळाला काही दिवसांआड पाणी येणाऱ्या या शहरात सात फुटी काचा पुसायच्या कोणी आणि कशाने, हा सौभाग्यवतींचा मुद्दा मला अजून खोडता आलेला नाही. निर्णय माझ्यावर ढकलण्यात आला आहे, म्हणून थेट तुम्हालाच लिहितो.

एक आधीच सांगून टाकतो. तुम्ही दोन फळ्यांचे आहात याचं आम्हाला अप्रूप नाही. हे बावन्न दरवाजांचं शहर म्हणून ओळखलं जातं. मलिक अंबरने १६१२ मध्ये उभारलेला भडकल दरवाजा अजून रहदारीच्या मधोमध उभा आहे. दिल्ली, पैठण, मकाई, रंगीन ही दरवाजांची नावं रिक्षावाल्यापासून शाळकरी पोरापर्यंत सगळ्यांच्या तोंडी असतात. बीबी का मकबऱ्याच्या मुख्य दरवाजाच्या लाकडी फळ्या पितळी पत्र्याने मढवलेल्या आहेत आणि त्या दारावर वास्तुविशारद अताउल्ला आणि अभियंता हंसपतराय यांची नावं आहेत. (आजच्या दारांवर नाव असतं ते मालकाचं, बांधणाऱ्याचं कुठेच नसतं.) जुन्या वाड्यांची दारंही दोन फळ्यांचीच. एक फळी खिट्टी लावून जागच्या जागी उभी, दुसरी रोजच्या ये-जा करण्याची, रात्री दोन्हींच्या मागे आडवा अडसर. तुमच्याकडचा एक पल्ला बोल्टने बांधलेला आणि एक हँडलचा, ही सोय आमच्या आजोबांच्या दाराला होतीच. तुमच्यात नवी आहे ती काच. आणि ही काच कुठल्या देशात बेतली गेली, ते लक्षात ठेवणं भाग आहे.

१६८२ साल घ्या. त्या वर्षी फ्रान्सच्या चौदाव्या लुईने आपला दरबार व्हर्सायला हलवला. तिथे आरसेमहालाचं काम चालू होतं. बागेच्या अंगाला सतरा उंच कमानदार खिडक्या आणि समोरच्या भिंतीवर त्यांच्या जोडीला तितक्याच कमानींत आरसे. तुमच्या घराण्याचा थाट तो हाच. त्याच १६८२ मध्ये औरंगजेबाने मराठ्यांच्या धाकाने या शहराभोवती तट बांधून घेतला. तिकडचा राजा भिंती फोडून उजेड आत घेत होता आणि इकडचा बादशहा भिंत वाढवत होता. तटाचं कारण शत्रू होतं, हे कबूल. पण तटाच्या आतल्या साध्या घरांच्याही भिंती जाड आणि झरोके लहान होते, ते काही शत्रूमुळे नव्हे, उन्हामुळे. तुमचा आरसेमहाल पश्चिमेकडे तोंड करून आहे. फ्रान्सच्या हवेत मावळतीचं ऊन दालनभर पसरलं, तर मंडळी खूश होत असतील. इथे एप्रिल-मे महिन्यात पारा चाळिशीला टेकलेला असताना दुपारी साडेचारला पश्चिमेचा पडदा कोणी सरकवला, तर घरात भांडण होतं.

आणि गंमत अशी, की आम्ही तुम्हाला नेमके पश्चिमेलाच बसवतो. प्लॉट घेताना प्रत्येकाला तो पूर्वमुखी हवा असतो. त्यासाठी लोक जास्त भाव मोजतात, थांबतात, ओळखी लावतात. रो-हाऊसच्या दोन भिंती शेजाऱ्यांना चिकटलेल्या. उघड्या उरतात दोनच, पुढची आणि मागची. पुढे रस्ता, गाडी, तुळस, भाजीवाला. तिथे तुम्हाला बसवलं तर बैठकीची खोली रस्त्यावर आली म्हणून समजा. म्हणून तुम्ही मागे, जिथे दहा फुटांची बाग करायचं स्वप्न असतं. पूर्वमुखी घराची मागची बाजू म्हणजे पश्चिम. शुभ दिशेच्या हट्टापायी काचेच्या वाट्याला सगळ्यात वाईट दिशा येते. सातारा परिसरातली नवी घरं मागच्या गल्लीतून पाहत चाला. ज्यांनी तुम्हाला हौसेने आणलंय, त्यांतल्या कित्येकांच्या काचांवर आतून जाड पडदे ओढलेले दिसतील, काहींवर तर काळी फिल्म. भिंत फोडून काच लावायची आणि काचेमागे पुन्हा कापडाची भिंत उभी करायची, असा हा खर्च आहे.

हिशेब मी मांडून पाहिला. मे महिन्यात दुपारी चार-साडेचारच्या सुमाराला पश्चिमेच्या उभ्या काचेवर दर चौरस मीटरला सहाशे वॅटच्या आसपास ऊन पडतं. चौकट वजा जाता तुमच्या दोन पल्ल्यांत अडीच चौरस मीटर काच भरते. साध्या पारदर्शक काचेतून त्यातली ऐंशी टक्क्यांच्या घरातली उष्णता आत येते. म्हणजे हजार-बाराशे वॅट. खोलीत एक इस्त्री सूर्य मावळेपर्यंत तापत ठेवून तुम्ही आम्हाला "गार्डन व्ह्यू" दाखवणार.

शोरूममधल्या मुलाने यावर लगेच दुहेरी काच सुचवली. मुलगा हुशार आणि नम्र होता, पण त्याचं उत्तर चुकीचं होतं. दोन काचांमधली कोंडलेली हवा बाहेरच्या गरम हवेला अडवते. थेट ऊन मात्र दोन्ही काचा ओलांडून आत येतं, थोडंफार कमी होऊन. उन्हाला अडवणारी काच घ्यायची तर त्यावर सोलर कंट्रोल किंवा लो-ई लेप असलेली घ्यावी लागते. तिचा फायदा खरा आहे, पण ती उजेडही कापते आणि खिसाही. शिवाय वजन पाहा. काचेचं वजन दर चौरस मीटरला जाडीच्या प्रत्येक मिलिमीटरमागे अडीच किलो. एका पल्ल्यात सव्वा चौरस मीटर काच धरली तर सहा मिलिमीटरची एकेरी काच एकोणीस किलोच्या आसपास जाते आणि दुहेरी घेतली तर अडतीसवर. चौकटीचं वजन वेगळंच. हे सगळं दोन-तीन बिजागऱ्यांवर लटकणार. चार पावसाळ्यांनी पल्ला खाली बसतो, फरशीला घासतो आणि दोष मिस्त्रीच्या माथी येतो.

आईच्या प्रश्नाला मात्र तुमच्याकडे चांगलं उत्तर आहे आणि ते शोरूममध्ये कोणी आपणहून सांगत नाही. टफन काच साध्या काचेच्या चार-पाच पट मजबूत असते आणि फुटली तर तिचे बोथट दाणे होतात, पोराबाळांच्या घरात हे मोठंच सुख. पण फुटते तेव्हा ती सगळीच्या सगळी खाली येते आणि चोराला वाट मोकळी होते. लॅमिनेटेड काचेत दोन काचांच्या मध्ये चिवट पापुद्रा असतो. तडा गेला तरी काच चौकटीत धरून राहते. खालच्या मजल्यावर मागच्या अंगाला लॅमिनेटेडच घ्यावी, हे माझं मत ठाम आहे. कोपऱ्यात सुरक्षा काचेच्या मानकाचा, आयएस २५५३ हा शिक्का पाहून घ्यावा. चौकटीबद्दल फार लिहीत नाही. जुन्या वाड्याचं उतरवलेलं सागवान मिळालं तर उत्तम, नाहीतर यूपीव्हीसी, पण आत लोखंडी पट्टी भरली आहे की नाही हे तुकडा कापून दाखवायला सांगावं. साध्या अॅल्युमिनियमची चौकट पश्चिमेला नको, मे महिन्यात हात लावून पाहिला की कारण कळतं.

आता तुमचा सगळ्यात अडचणीचा स्वभाव, पल्ला उघडण्याचा. सरकत्या दाराचं तसं नसतं. तुमचा प्रत्येक पल्ला अडीच फुटांच्या कमानीत फिरतो. आत उघडलात तर तेवढी जागा सोफ्याला, टीपॉयला, रांगणाऱ्या पोराला बंद. शिवाय वळवाचा पाऊस आडवा आला की पल्ल्यावरचं पाणी थेट फरशीवर. बाहेर उघडलात तर पाणी बाहेर राहतं, पण मग लोखंडी जाळी कुठे लावायची? इथे खालच्या मजल्याला जाळीशिवाय झोप येत नाही. काचेलगत जाळी लावली की पल्ला तिच्यावर आपटतो. डासांच्या जाळीची तीच कथा. आणि वळवाच्या आधीची ती वावटळ! पल्ला हुकाने अडकवायला विसरलात तर अठरा-वीस किलो काच एका फटक्यात भिंतीवर.

त्यात कूलर. तुमच्या फ्रान्सला कूलर ठाऊक नसेल. मराठवाड्यात मार्च ते जून घर चालतं ते त्याच्या जिवावर. खिडकीबाहेर लोखंडी स्टँडवर तो बसतो, बाहेरची कोरडी हवा ओल्या जाळीतून ओढून आत फेकतो. तुम्ही खिडकीची जागाच खाऊन टाकता. मग लोक कूलर चाकांवर घेतात, तुमच्या उघड्या पल्ल्यात आणून ठेवतात आणि तीन महिने दाराचा उपयोग कूलरचा स्टँड म्हणून करतात. बागेत जायचं असेल तर स्वयंपाकघरातून वळसा.

दक्षिण मिळाली असती तर यातलं निम्मं लिहावंच लागलं नसतं. आपलं शहर विसाव्या अक्षांशाला जवळजवळ टेकलेलं. वीस मेच्या सुमारास दुपारचा सूर्य डोक्यावरून थोडा उत्तरेला सरकतो आणि जुलैच्या अखेरच्या आठवड्यापर्यंत तिथेच असतो. एप्रिलमध्येही तो भर दुपारी ऐंशी अंशांवर असतो. दारावर दोन फुटांचा छज्जा असला तर उन्हाळाभर दुपारचं ऊन दक्षिणेच्या काचेला शिवत नाही. डिसेंबरात तोच सूर्य दुपारी सत्तेचाळीस अंशांपर्यंतच चढतो आणि छज्ज्याखालून साडेचार फूट आत येऊन पाय शेकतो. पण दक्षिण म्हणजे यमाची. हे आकडे मी वास्तुतज्ज्ञांना सांगितले, ते हसले. मीही वाद वाढवला नाही, प्लॉट घेऊन झाला होता.

मग उपाय? तो शोरूममध्ये नाही, अजिंठ्यात आहे. पहिल्या क्रमांकाचं लेणं पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातलं, वाकाटक राजा हरिषेणाच्या काळातलं. तिथे दगड फोडणाऱ्यांना सरळ दालनच खोदता आलं असतं. त्यांनी आधी खांबांची ओसरी खोदली, इतका दगड काढून सावली केली, आणि तिच्या मागच्या भिंतीत तीन दारं केली. दारांच्या मध्ये दोन चौकोनी खिडक्या. म्हणजे दार झालं तरी खिडकी सोडली नाही. गोव्यातल्या जुन्या घरांत पोर्तुगिजांनी तुमच्या नात्यातली, जमिनीपर्यंत उतरणारी दारं-खिडक्या आणल्या, तेव्हा तावदानांत काचेऐवजी घासून पातळ केलेले शिंपले बसवले गेले. उजेड आला, डोळ्यांवर येणारा झोत बाहेर राहिला. तिथेही ओसरी होतीच.

म्हणून आमचा प्रस्ताव असा. तुम्हाला घेतो, पण भिंतीच्या बाहेरच्या रेघेवर नाही. मागची खोली सहा फुटांनी आखडून तिथे ओसरी काढतो. नियमाने सोडायच्या मोकळ्या जागेवर छप्पर टाकून नाही, घराच्या पोटातून. तुमची खरी किंमत हीच, कोटेशनमध्ये ती नसते. सहा फूट खोली गेली म्हणून मुलगी दोन दिवस बोलली नाही. पण ओसरी आली की लोखंडी जाळी आणि डासांची जाळी दोन्ही ओसरीच्या कडेला जातात आणि तुम्ही खुशाल बाहेर उघडा. वळवाचं पाणी तुमच्यापर्यंत पोचत नाही. नुसत्या छपराने साडेचारचं तिरपं ऊन पूर्ण अडत नाही हे मी मोजलंय. ते दाराच्या खालच्या निम्म्या भागावर येतंच. त्यासाठी ओसरीच्या कडेला वाळ्याचे पडदे. ऊन काचेच्या बाहेर अडवायचं असतं. आतला पडदा उन्हाला थोपवतो तेव्हा ते घरात आलेलंच असतं. आणि तुमच्या शेजारी दोन फुटांची एक साधी खिडकी, कूलरसाठी. तिच्यामुळे तुमची शोभा जाते असं आर्किटेक्टचं म्हणणं आहे. जाऊ दे.

काच पुसायचा प्रश्न तसाच आहे. ओसरीमुळे धूळ कमी बसेल, बंद होणार नाही. त्यावर तुम्हीच काही सुचवलंत तर सौभाग्यवतींना कळवीन.

माप प्लास्टर झाल्याशिवाय देणार नाही. शोरूमचा फोन रोज येतो, ड्रॉइंगवरून ऑर्डर टाका म्हणतात, दर वाढणार म्हणतात. पण काच टफन असेल तर भट्टीतून आल्यावर तिची कड पाव इंचही कापता येत नाही. लॅमिनेटेड काचही साइटवर कोणी कापत बसत नाही. चौकट कर्णात जरा तिरकी निघाली तर तुमचे दोन पल्ले मध्ये कधीच नीट जुळणार नाहीत. प्लास्टर सुकू दे, मिस्त्री दोन्ही कर्ण ताणून मोजेल, फरशीची जाडी धरेल, मग आगाऊ रक्कम देऊ. तोवर आहात तिथेच राहावं.

कळावे,

आपला,
सातारा परिसरातला एक घर बांधणारा
छत्रपती संभाजीनगर